सपाता

बुधवारी सकाळी माझी डाव्या पायाची सपात नाहीशी झाली आणि गुरुवारी उजव्या. दोन्ही एकदम गेल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. वस्तू जोडीनं हरवल्या की त्याला आपण पसारा म्हणतो. पण एक गेली, ती शोधण्यात मी एक दिवस घालवला, आणि तेवढ्यात दुसरीही गेली, यात कुणाची तरी पद्धत होती. पद्धत मला लांबून ओळखू येते. माझ्या घरात किती चमचे आहेत हे मला माहीत असतं आणि त्यांतले किती सध्या चारुदत्त खांबेट्यांकडे आहेत तेही. हृषिकेश म्हणाला, "सॉक्स घाल की." हा माझा नवरा. चिपच्या कारखान्यात असतो, नखशिखान्त पांढरा पोशाख घालून केसाच्या हजाराव्या भागाएवढा दोष शोधतो, आणि घरी आला की समोरची मिठाची बरणी त्याला दिसत नाही. मी सॉक्स घातले. पण ड्रेस्डेनच्या जानेवारीत तळमजल्याच्या लाकडी जमिनीतून जो गारवा वर येतो तो सॉक्सना जुमानत नाही. खाली केलर आहे, तळघर, प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांचं दार लावलेला एकेक खण, खणावर नंबर. तिथली हवा फटींमधून आमच्या पायांशी येऊन बसते. मला उगाच वाटत राहिलं की ती हवा ओळखीची आहे. मातीची, जुन्या बटाट्यांची, आणि तिसरंही काहीतरी, जे ओठांवर येत नाही.

शुक्रवारी उठले तेव्हा पलंगाशी माझे बूट होते. बर्फात घालायचे, घोट्याच्या वरपर्यंत लेस असलेले. पुसलेले. लेस सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवलेली, पाय सरळ आत जावा अशी. चवडे दाराच्या दिशेनं. आता हे सांगायला हवं की आमच्या बार्शीच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल आली तर आई ती उचलून अंगणात भिरकवायची, मग ती मामलेदाराची का असेना. झोपायच्या खोलीत बूट हे मी आयुष्यात दोनदाच पाहिलेत, एकदा हॉस्पिटलात आणि एकदा हे. मी काही वेळ पाय वर घेऊन बसून राहिले. बूट माझी वाट पाहत होते असं म्हटलं तर कुणी हसेल, पण रिकाम्या बुटांना चवडे असतात, दिशा असते, आणि त्या दिशेला कुणीतरी आधीच निघालेलं असतं.

"ईपू, बूट तू आणलेस?"

ईप्सिता नऊ वर्षांची आहे, चौथीत. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. घरातलं हे असं दोन रुळांवरचं बोलणं आम्हाला आता ऐकूही येत नाही. ती दुधात कॉर्नफ्लेक्स बुडवत म्हणाली, "जमीन गार आहे ना."

"मग सपाता कुठायत?"

"सपाता चांगल्या नसतात," ती म्हणाली. बालरोगतज्ज्ञ सांगतात तसं. आणि दप्तर घेऊन गेली.

मी माणसांची नोंद ठेवणारी बाई आहे. हौस म्हणा, खोड म्हणा. मराठी मंडळाची मी सेक्रेटरी, आणि मंडळ म्हणजे तरी काय, तर माझी वही. हिरव्या कापडी पाठीची लांब वही, बार्शीहून आणलेली. एकेचाळीस कुटुंबं. अनुक्रमांक, नाव, पत्ता, माणसं, मुलांची वयं, मूळ गाव, नोकरी, काय खात नाहीत, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना हा माझा खाजगी आनंद. अनुक्रमांक चार, खांबेटे, मंडळाचे अध्यक्ष: वेळेवर येतात, जेवणाच्या. अनुक्रमांक सतरा, नीलिमा आणि उत्कर्ष: भांडण गाडीत संपवून हॉलमध्ये शिरतात, काजळ पाहून निकाल कळतो. अनुक्रमांक एकोणतीस, मैथिली, पीएचडी करते, एकटी: डबा भरून परत देते, फोन पहिल्या रिंगला उचलते. नवं कुटुंब विमानतळावरून सामान घेऊन अजून घरात शिरलेलं नसतं आणि माझ्या वहीत त्याचा आकडा पडलेला असतो. कुणाला दाताचा डॉक्टर हवा, कुणाला बाळंतिणीला डिंकाचे लाडू, सगळे मलाच विचारतात, कारण कोण कुठे आहे हे फक्त मला माहीत. कॉम्प्युटरवर का नाही ठेवत, असं हृषिकेश विचारतो. त्याला काय सांगणार? कॉम्प्युटरला शेरा मारता येतो, पण शेरा मारताना पेनाच्या टोकाला जी गंमत येते ती त्याला कुठून येणार. अनुक्रमांक एक अर्थात आम्ही. आमच्या पुढे शेरा नाही. स्वतःवर कोण शेरा मारतं?

ही वही शुक्रवारी जागेवर नव्हती.

नेमका त्याच दिवशी चारुदत्त खांबेट्यांचा फोन. "वहिनी, हळदीकुंकवाचा हॉल पक्का झाला बरं का. पण हॉल सांभाळणाऱ्या त्या फ्राउ लेनर्टना यादी हवीय. कोण येणार, नावं-पत्त्यांसकट. आग लागली तर मोजायला लागतात म्हणे."

"आग लागल्यावर पत्ते कशाला?"

"अहो, जर्मन आहेत त्या. आग संपल्यावर घरी सोडायचं असेल. उद्या चारला येतो, यादी तयार ठेवा. आणि चहा."

फ्राउ लेनर्ट ही भली बाई आहे, दरवर्षी तिळगूळ घेते, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवते आणि पुढच्या वर्षी तोच कागद तिच्या पर्समध्ये दिसतो. तिला यादी द्यायला मला काय हरकत? यादी द्यायची म्हटलं की मला उलट बरंच वाटतं. हे माझं अण्णांकडून आलंय. आत्माराम गुरुजी म्हणजे माझे वडील, बार्शीच्या शाळेत शिक्षक. एक्क्याण्णवच्या जनगणनेला त्यांना ड्यूटी लागली तेव्हा मी आत्ताच्या ईपूएवढी होते, आणि त्यांच्याबरोबर गेरूचा डबा धरून दारोदार फिरायची. अण्णा ब्रश बुडवून चौकटीवर घराचा नंबर घालायचे, मग आत बसून फॉर्म भरायचे. लोक पाणी द्यायचे, गूळ द्यायचे. नावं लावून घ्यायला गर्दी. "अरू," अण्णा म्हणायचे, "ज्याचं नाव लागलं त्याला रेशन. ज्याचं लागलं नाही, तो मेला तरी सरकारला कळायचं नाही." गेरूचे लाल आकडे ओळीनं वाळत जायचे आणि मला वाटायचं आम्ही गाव खरं करत चाललोय.

रेल्वे फाटकापलीकडे बाभळीत चार पालं होती. पारध्यांची. अण्णा तिथेही गेले. एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी राहिली आणि तिनं शेजारच्या पोरीच्या तोंडावर आपला पंजा ठेवला, घट्ट, पोरगी काही बोलतही नव्हती तरी. "आमाला नावं न्हाईत, गुरजी." अण्णा हसले. "नाव नाही असं माणूस असतं का, आजी?" "आमी हाओत तसलं." शेवटी अण्णांनी अंदाजानं माणसं मोजली, आणि पालाला चौकट नाही म्हणून चुलीपाशी पडलेल्या एका सपाट दगडावर गेरूनं आकडा घातला. परतताना म्हणाले, यांचे आजे-पणजे सोलापूरच्या सेटलमेंटात होते, इंग्रजांच्या वेळी. जन्मले त्या जातीचे म्हणून गुन्हेगार. भोवती तार, आत बायकापोरांसकट सगळे, दिवसातून हजेरी. पण आता स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, आता भ्यायचं काय? दुसऱ्या दिवशी नावांचा आणखी एक प्रयत्न करावा म्हणून गेलो तर पालं नव्हती. चुलीची राख कोमट होती. दगड तिथेच होता, आकडा खाली करून पालथा घातलेला. अण्णा हळहळले. चार कुटुंबं यादीतून गेली, म्हणाले. मला मात्र तो पंजा आठवत राहिला, आणि गेरूचा वास. केलरच्या हवेतला तिसरा वास तोच. ओल्या गेरूचा. ड्रेस्डेनमध्ये गेरू कुठून येणार, हे मी स्वतःला सांगितलं आणि मोठं पातेलं आणायला खाली उतरले.

आमच्या खणाचं कुलूप उघडलं. पातेलं जिथे असतं तिथे होतं. त्याच्या आड माझी लहान बॅग उभी होती, चाकांची, केबिनमध्ये नेतो ती. ती मी उन्हाळ्यात वरच्या फळीवर टाकलेली, रिकामी. आता ती खाली उभी होती आणि रिकामी नव्हती. रिकामी बॅग आणि भरलेली बॅग यांच्या उभं राहण्यात फरक असतो. हँडलला पुठ्ठ्याचं लेबल सुतळीनं बांधलेलं, त्यावर देवनागरी '१', आणि खाली पट्टीनं शिरोरेघ मारून: अरुंधती हृषिकेश वाकणकर. मी बॅग तिथेच आडवी करून उघडली. दोन लोकरी स्वेटर. थर्मल एक. आतले कपडे, मोजायला लाज वाटल्यासारखे उशीच्या अभ्र्यात घातलेले. टूथब्रश, नवा. जुन्या नंबरचा चष्मा. माझ्या थायरॉइडच्या गोळ्या, पट्टीतून कापून सात. एक कोरी वही, पेन्सिल, पेन्सिलला टोकयंत्र. बस. माझं सगळं, माझंच सगळं. दुसऱ्या कुणाचा एक रुमालही त्यात नव्हता.

खोटं कशाला सांगू, पहिला संशय हृषिकेशवर गेला. कारखान्यात एक नवी सहकारी आहे, तिचं नाव तो जेवताना जरा जास्तच वेळा घेत नाही. पण हृषिकेशला माझ्या गोळीचं नाव माहीत नाही, त्यामुळे तो निर्दोष सुटला. मग उरलं कोण? मी त्या पट्ट्यांच्या खणात गुडघ्यांवर बसले होते. वरचा दिवा बटण दाबल्यावर तीन मिनिटं राहतो आणि आपोआप जातो, तसा तो गेला. अंधारात शेजारचे खण दिसेनासे झाले पण मोजता येत होते. उजवीकडे दोन, तीन, चार, पलीकडे पाच. मला वाटलं त्या प्रत्येकात कुणीतरी असंच बॅग उघडून बसलंय आणि दिवा कुणी लावायचा याची वाट पाहतंय. आपल्याला घालवून द्यायचं ठरलंय, प्रेमानं, नीट, सात दिवसांच्या गोळ्यांसकट, आणि ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतंय.

ईपू तीनला आली. मी थालीपीठ लावलं होतं. बॅग स्वयंपाकघराच्या मधोमध उभी केली होती. तिनं बॅगेकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मी सॉक्समध्ये होते. तिचा चेहरा पडला तो बॅग सापडली म्हणून नव्हे, सॉक्स पाहून.

"मला कुठे पाठवते आहेस गं?"

"मी नाही पाठवत."

"मग कोण?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आई, बूट घाल ना."

मग तिनं सांगितलं. थालीपीठ खात, मधे लोणी मागत. तिच्या वर्गात एमी आहे, आई जर्मन, बाबा अमेरिकेतले जपानी. एमीची ऊरओमा, म्हणजे पणजी, नव्वद वर्षांची, कॅलिफोर्नियातून व्हिडिओवर वर्गाशी बोलली, एमीच्या बाबांनी जर्मन करून सांगितलं. मला आठवलं, शाळेचं पत्र आलं होतं. जी मी शांपूच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही वाचते तिनं ते पत्र न वाचता सही करून दिलं होतं. त्या दिवशी मी वहीत एका नव्या कुटुंबाची नोंद करत होते. तर ती पणजी सहा वर्षांची होती तेव्हा एका रविवारी जपाननं अमेरिकेवर बॉम्ब टाकले, आणि त्याच दिवशी हॅट घातलेली दोन माणसं घरी आली. तिचे बाबा जेवायला बसले होते. दोघांतला एक ओळखीचा होता, दर वर्षी त्यांच्याकडून स्ट्रॉबेरी घ्यायचा. म्हणाला, दोन प्रश्न आहेत, लगेच परत आणून सोडतो. बाबा तसेच उठून गेले. सपाता घालून.

"कधी आले परत?"

"ती नऊ वर्षांची झाली तेव्हा. बाकीचे आधी घोड्यांच्या तबेल्यात राहिले, मग वाळवंटात, तारेच्या आत. प्रत्येक घराला नंबर होता. कोटाला लावायचा. जे उचलता येईल तेवढंच न्यायचं." तिनं बोट चाटलं. "पण आधी फक्त बाबा. बाकीच्यांना नंतर बोलावलं. आई, माहितीय का बाबाच आधी का?"

"का?"

"ते शनिवारी मुलांना जपानी शिकवायचे. आणि त्यांच्याकडे वही होती. सगळ्या जपानी लोकांची."

मी शनिवारी मराठीचा वर्ग घेते. सात मुलं येतात. त्यांतल्या सहांना अजून 'क' आणि 'फ' यांचं पटत नाही. एकटी ईपू घडघडा वाचते, मी चारचौघांत तिला मुद्दाम वाचायला लावते, आणि दुसऱ्या आयांची तोंडं पाहते. ती आपणहून वाचलेली पहिली मराठी वही कोणती हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"अगं पण ते अमेरिकेत. ऐंशी वर्षांपूर्वी. तिथे युद्ध होतं. आपलं कुणाशी युद्ध आहे?"

"अजून ठरलं नाही," ईपू म्हणाली.

हे ती अगदी सहज म्हणाली. शाळेची ट्रिप कुठे जाणार ते अजून ठरलं नाही, तसं.

"यादी आधी असते," ती समजावू लागली. "युद्ध नंतर ठरतं. ऊरओमाच्या बाबांनी यादी केली तेव्हा काहीच नव्हतं. ती पिकनिकची होती."

"पण नंतर सरकारनं माफी मागितली ना त्यांची?"

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर. "पत्र आलं. तेव्हा तिचे बाबा मेलेले होते."

"आणि माझ्या सपाता?"

"कोपऱ्यावर जुन्या कपड्यांची पेटी आहे ना, त्यात. त्या परत काढता येत नाहीत." मग जरा थांबून, जणू मला दिलासा म्हणून, "घोट्यापर्यंतचे बूट आहेत ना तुझ्याकडे. तिकडे चिखल असतो."

मी हसले असते तर बरं झालं असतं. हसायला तोंड उघडलंही. पण मला एकदम ती बाभळीतली पोरगी दिसली, तोंडावर पंजा असलेली, आणि कळलं की आपण इतकी वर्षं त्या पोरीचं तोंड आठवत होतो आणि उभे मात्र गेरूच्या डब्याशी होतो. ईपू भेदरलेली नव्हती. तेच मला सोसेना. भेदरलेल्या मुलाला जवळ घेता येतं. हिनं सगळं स्वीकारून व्यवस्था लावली होती, माझ्यासारखी, रकाने पाडून. वही कुठे ठेवलीस विचारलं तर म्हणाली, देते, पण एका अटीवर. घरातसुद्धा बूट. रोज. काढायचे फक्त झोपताना, आणि तेव्हा पलंगाशी ठेवायचे. मी कबूल केलं. बूट चढवले. स्वयंपाकघरात, गॅसपुढे, देवाच्या फळीसमोरून बूट वाजवत जाताना माझ्या आईच्या शिव्या मला बार्शीहून ऐकू आल्या.

हृषिकेश आला, बूट पाहिले, म्हणाला, "वा, पोलंडवर स्वारी का?" मी सगळं सांगितलं. शाळेला मेल लिही म्हणाला, पोरांना असलं कशाला सांगतात. मग म्हणाला, कल्पनाशक्ती आहे हिला, तुझ्यावर गेलीय. मग जाऊन बॅगेची चेन उघडली, आत बराच वेळ पाहत उभा राहिला, आणि म्हणाला, "थर्मल एकच आहे. धुतलं तर?" कपाटातून दुसरं आणून त्यानं नीट घडी घालून ठेवलं. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाला, "गंमत गं." पण बाहेर काढलं नाही.

वही मला शनिवारी दुपारी मिळाली. ती पियानोच्या स्टुलाच्या झाकणाखाली होती. चारला खांबेटे यायचे होते, मी कोरा कागद घेऊन यादी उतरवायला बसले. बाहेर तीनलाच संध्याकाळ झाल्यासारखं होतं, बर्फ पडत नव्हतं पण पडायचं थांबलंय असंही नव्हतं. पहिलं पान उघडलं आणि शेऱ्याच्या उजवीकडे, समासात, नवा रकाना दिसला. पेन्सिलनं, पट्टीनं आखलेला. मथळा: नेता येणार नाही. माझ्या वळणाचं अक्षर. 'ण' तर मी काढते तसाच. खांबेटे: टीव्ही. अनुक्रमांक नऊ: आजोबांची चाकाची खुर्ची, पण ती न्यायलाच पाहिजे, विचारणे. नीलिमा आणि उत्कर्ष: मांजर. मैथिली: काही नाही, पण एकटी आहे, आपल्याबरोबर नंबर द्यावा. एकेचाळीस कुटुंबं तिनं पाहिली होती, माझ्यापेक्षा नीट पाहिली होती. मी काजळ मोजत होते तेव्हा ही पोरगी प्रत्येक घरात फिरून कशाच्या मागे कोण रडेल ते लिहीत होती. तिरकसपणा एकाही ओळीत नव्हता. मी पानं उलटत गेले आणि परत पहिल्या पानावर आले, कारण अनुक्रमांक एक वाचायचं मी टाळलं होतं. आमच्या ओळीपुढे, जिथे मी कधी शेरा मारला नाही तिथे, लिहिलं होतं: आई. ती आधीच गेली.

मी ते वाचलं आणि खुर्चीत बसलेली मी जरा पातळ झाले. खोलीत सगळं जागेवर होतं. भिंतीवरचं कॅलेंडर, हळदीकुंकवाच्या वाणाच्या डब्यांची चळत, फोटोतलं ईपूचं बाळपणीचं हसू. फक्त ते सगळं माझ्यावाचून पाहिल्यासारखं दिसत होतं. आतून ईपूचा पियानो ऐकू येत होता, सराव, एकच तुकडा पुनःपुन्हा, आणि मला वाटलं ही मुलगी मी नसलेल्या घरात वाजवते आहे, तिला सवय झाली आहे, चांगलं वाजवते आहे. पेन माझ्या हातात होतं. कागदावर मी 'अनुक्रमांक' लिहिलं. पुढे हात जाईना. फ्राउ लेनर्टचा चेहरा आणला डोळ्यांपुढे, पर्समधला तिळगूळ आणला. भली बाई. अण्णाही भलेच होते. गेरूचा डबा धरणारी मुलगीही भलीच होती, आणि दगड पालथा घालणारी म्हातारी काही वेडी नव्हती. मी कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी, आणि ती बुटात, घोट्यापाशी, खोचली. का ते विचारू नये.

बरोबर चारला बेल वाजली. पियानो थांबला.

दार उघडलं. चारुदत्त खांबेटे, डोक्यावर बर्फाची बारीक पूड पडलेली काळी हॅट, ती त्यांनी यंदा नाताळच्या सेलमध्ये घेतली होती, आणि मागे जिन्यात बूट झटकणारे उत्कर्ष. हॅट त्यांनी उतरवली नाही. दोघं. माझ्या पायांकडे पाहून खांबेटे म्हणाले, "अरे वा! वहिनी, कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग यादी द्या, आम्ही निघतो. चहा पुढच्या वेळी, उत्कर्षनं गाडी चुकीची लावलीय."

"यादी झाली नाही," मी म्हणाले. "फ्राउ लेनर्टना सांगा, साठ माणसं येतील. मोठी एकेचाळीस, मुलं एकोणीस. नावं कशाला? मोजायला आकडे पुरतात."

"तुमच्याकडे यादी नाही?" खांबेटे मागे वळून उत्कर्षला म्हणाले, "ऐकलंस का? वाकणकरवहिनींकडे यादी नाही. मासा म्हणतो पाणी नाही!"

"वही सापडत नाही," मी म्हणाले. वही माझ्या मागे टेबलावर उघडी होती.

"अहो, एवढंच ना? मग काळजी कशाला करता." त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन बाहेर घेतला. "गणपतीच्या वेळी वर्गणीच्या गडबडीत तुमच्या वहीचे फोटो काढून ठेवले होते मी. सगळी पानं. म्हटलं, वहिनींची वही म्हणजे सोन्याची खाण, कधी कामाला येईल. शेरे वाचून आमची ही तीन दिवस हसत होती. थांबा, आत्ताच पाठवून देतो फ्राउ लेनर्टना." अंगठा त्यांनी जिभेला लावला, पान उलटल्यासारखा, आणि काचेवर ठेवला. सूंऽऽ असा बारीक आवाज आला. "झालं. गेली."

मागे लाकडी जमिनीवर चाकांचा आवाज आला, सावकाश, एका रेषेत. वळून पाहिलं नाही. ईपू माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं एकदा खांबेट्यांच्या हॅटकडे पाहिलं, एकदा जिन्यातल्या दुसऱ्याकडे, आणि मग कुणाच्याच तोंडाकडे न पाहता बॅग दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली. लेबल माझ्या बाजूला करून.

"अगं, आई कुठे चाललीय तुझी?" खांबेटे हसत विचारत होते. "आम्हाला सांगत नाही बघ. ईप्सिता, तू तरी सांग."

बॅग जड होती. ती किती वेळ धरून उभी राहणार? मी तिच्या हातातून ती घेतली. हात मोकळे झाले तशी ती खाली बसली, माझ्या डाव्या बुटाची सुटलेली लेस तिनं ओढून घट्ट केली, आणि तिला मी शिकवली होती तशी, एकावर एक, दुहेरी गाठ मारली.